‘अंगावरून फार जातं’ म्हणजे नेमकं किती? स्त्रीरोगाच्या तक्रारी नीट नोंदवून डॉक्टरांपुढे मांडण्यासाठी मार्गदर्शक

स्त्रीरोग विभागात डॉक्टरांच्या आधी पेशंटची माहिती लिहून घेणं, हे माझं कित्येक वर्षांचं काम. समोर बसलेली बाई आधी दाराकडे बघते, मग आवाज खाली आणून म्हणते, "सिस्टर, अंगावरून फार जातं हो." यातली पंचाईत अशी की काही जणी हे रक्तस्रावाबद्दल म्हणतात, तर काही जणी पांढऱ्या जाण्याबद्दल. म्हणून मी विचारते, "लाल की पांढरं?" मग विचारते, "किती?" उत्तर येतं, "खूपच." शेवटची पाळी कधी आली? "झाली की, मागेच."

एवढ्या माहितीवर डॉक्टर तरी काय करणार? मग तपासण्यांची लांबलचक यादी हातात पडते आणि नेमकी हवी ती तपासणी कधीकधी त्यातून निसटते. म्हणून ‘फार’, ‘कमी’, ‘अधूनमधून’ हे शब्द घरी ठेवा आणि आकडे घेऊन या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. निदान डॉक्टर करतील, पण कच्चा माल तुमच्याकडूनच यायला हवा.

नोंदी बाजूला ठेवून लगेच निघायचं कधी?

तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि दोन तास झाले तरी तोच वेग आहे, शिवाय चक्कर येतेय किंवा धडधडतंय, तर वाट पाहू नका.

पाळी चुकली आहे किंवा गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली आहे आणि ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, दुखतंय, थोडं रक्त जातंय, घेरी येतेय, तर गर्भ पिशवीऐवजी नळीत वाढत असण्याची शक्यता असते. त्यात कधीकधी खांद्याच्या टोकाशी दुखतं. नळी फुटून पोटात साठलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतं आणि ती कळ खांद्यात उमटते. खांदा दुखतोय म्हणून बाम चोळत बसू नका. कॉपर टी बसवलेली असो की नसबंदी झालेली असो, ही शक्यता पुरती संपत नाही.

ओटीपोटात एका बाजूला अचानक जबरदस्त कळ आणि सोबत उलट्या, म्हणजे अंडाशयाला पीळ पडला असू शकतो. पीळ वेळेत सोडवला तर अंडाशय वाचतं, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. ओटीपोटात दुखणं, ताप आणि घाण वासाचा स्राव हे तिन्ही एकत्र असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गर्भनळ्यांचा जंतुसंसर्ग अंगावर काढला तर पुढे मूल राहण्यात अडथळा येऊ शकतो. आणि गरोदरपणात रक्ताचा डाग दिसला तर, कितीही छोटा असो, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

यातलं काही नसेल, तर वही काढा.

पायरी १: दोन-तीन पाळ्यांची नोंद

ज्या दिवशी पॅड घ्यावं लागेल इतकं लाल जायला लागतं, तो पाळीचा पहिला दिवस. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग वेगळी खूण करून लिहा. चक्र मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. इथे हमखास घोळ होतो. "माझी पाळी १९ दिवसांतच येते" म्हणून घाबरून आलेल्या बाईने बहुतेकदा मागची पाळी संपल्यापासून दिवस मोजलेले असतात. रक्तस्रावाचे ६ दिवस त्यात मिळवले की होतात २५, म्हणजे अगदी व्यवस्थित.

प्रौढ स्त्रीचं २४ ते ३८ दिवसांचं चक्र आणि ८ दिवसांपर्यंतचा रक्तस्राव सामान्य धरतात. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली काही वर्षं २१ ते ४५ दिवसांचा फरक चालतो. महिन्याची तीच तारीख गाठली नाही म्हणजे पाळी बिघडली, असं नाही.

एका मुलीने आणलेलं पान मला अजून आठवतं. शाळेच्या चौकटीच्या वहीचं होतं. त्यावर लिहिलं होतं: ‘दिवस २. पॅड ७, त्यातले ५ पूर्ण भिजलेले. रात्री १ आणि ४ ला उठून बदललं. गाठी ३, एक मोठी. दुखणं १० पैकी ८. गोळी ९ वाजता, ११ ला उतरलं. क्लासला गेले नाही.’ डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि विचारलेला पहिलाच प्रश्न नेमका निघाला: "दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं होतं का?" तो प्रश्न का, ते पुढे येईलच.

वहीच्या मागच्या पानावर सध्या चालू असलेली औषधं, आधीची ऑपरेशन्स, बाळंतपणं आणि गर्भपात लिहून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी किंवा हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल तर ते सांगायला विसरू नका. अनियमित रक्तस्रावाचं कारण कधीकधी तिथेच सापडतं.

पायरी २: रक्तस्राव जास्त आहे हे ठरवायचं कसं?

पुस्तकात एका पाळीत ८० मिलीहून अधिक रक्त गेलं तर ‘अतिरक्तस्राव’ असं लिहिलेलं असतं. घरी मोजपात्र लावून कुणी बसत नाही. त्यापेक्षा हे पाहा: दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, रात्री उठावं लागतं का, एकावर एक दोन पॅड लावावी लागतात का, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी पडतात का, आठ दिवसांच्या पुढे जातं का, आणि पाळीमुळे कामावर किंवा बाहेर जाणं टळतं का. यातल्या एखाद्याचंही उत्तर ‘हो’ असेल तर दाखवा. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं’ हे काही सामान्य असण्याचं प्रमाणपत्र नव्हे. उलट, घरात सगळ्यांनाच जास्त जात असेल आणि तुम्हालाही पहिल्या पाळीपासून जात असेल, तर रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष तपासावा लागतो. त्यातला वॉन विलब्रँड आजार सर्वाधिक आढळतो. दाताचा प्रश्न त्यासाठी होता.

तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन सगळ्यांना माहीत असतं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं ते १२ ग्रॅमच्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात. पण शरीरातला लोहाचा साठा त्याआधीच रिता होतो आणि तो कळतो फेरिटिनच्या तपासणीत. हिमोग्लोबिन १२.२ आलं म्हणून निर्धास्त झालेली, तरी जिना चढताना दम लागणारी, केस गळणारी बाई मी अनेकदा पाहिली आहे. फेरिटिन तपासायचं का, हे आपणहून विचारा. गर्भचाचणी करायला सांगितली तर रागावू नका. ती तुमच्यावरच्या संशयापोटी सांगत नाहीत. अवेळी रक्तस्रावात ती सगळ्यांचीच करतात. मग सोनोग्राफी होते. वय ४५ च्या पुढे असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला घेणं हाही नेहमीचा भाग आहे. बायोप्सी म्हटलं की कर्करोगच, असं मनात धरू नका.

उपचारांची उतरंड ठाऊक असलेली बरी. फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, मेफेनामिक अ‍ॅसिडसारखी औषधं, हार्मोनच्या गोळ्या, पिशवीत बसवायचं हार्मोनयुक्त साधन, काही जणींसाठी दुर्बिणीतून फक्त पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसल कोंब) किंवा गाठ काढणं, आणि पिशवी काढणं बहुतेकींसाठी या सगळ्यानंतर. पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाकू’ असं कानावर आलं, तर शांतपणे विचारा, "याआधी माझ्यासाठी दुसरा कोणता उपाय आहे? नसेल तर का नाही?" दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात काही वावगं नाही. ऑपरेशन ठरलंच, तर अंडाशयं ठेवणार की काढणार हे आधी स्पष्ट करून घ्या. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते आणि हाडं व हृदय यांवरही त्याचा परिणाम होतो.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. चहा-कॉफीसोबत त्या घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन भरलं तरी साठा भरेपर्यंत, साधारण आणखी तीन महिने, गोळ्या चालू ठेवायला सांगतात. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जणी त्या सोडतात.

पायरी ३: दुखणं

पाळीत पिशवीच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांनी पिशवी आवळली जाते आणि कळा येतात. आयबुप्रोफेन, मेफेनामिक अ‍ॅसिड ही औषधं या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. म्हणजे कळा शिगेला पोहोचल्यावर गोळी घेतली तर निम्मी लढाई आधीच हरलेली असते. दुखायला लागताच, काहीतरी खाऊन, आणि पहिले एक-दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने ती घ्यायची असते. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकांनी उसळणारा दमा किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवण्याचा उपाय साधा असला तरी खरंच उपयोगी आहे.

अशी वेळेवर गोळी घेऊनही तीन पाळ्या आडवं पडावं लागत असेल, तर एंडोमेट्रिऑसिसचा विचार व्हायला हवा. यात पिशवीच्या अस्तरासारखं ऊतक पिशवीबाहेर वाढतं. पुनरुत्पादक वयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना तो असतो आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात. पाळीच्या आधीच सुरू होणारं दुखणं, संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखणं, पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना कळ, आणि मूल राहायला उशीर, या चारही गोष्टी आपणहून सांगा. यातल्या दोन तर कुणी विचारल्याशिवाय बोलतच नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिऑसिस नाही, असं ठरत नाही. ‘मूल झालं की थांबेल’ हा उपचार नव्हे.

पायरी ४: पाळी लांबते, येत नाही

आधी गर्भचाचणी. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), वजनातले मोठे चढउतार, अति व्यायाम आणि पीसीओएस (हार्मोनचा तोल बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा आजार).

पीसीओएसबद्दल गैरसमज इतके आहेत की इथे जरा थांबते. २००३ पासून वापरात असलेल्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रिपोर्ट (हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमं), आणि सोनोग्राफीतली विशिष्ट अंडाशयं. फक्त सोनोग्राफीत ‘पीसीओ’ लिहून आलं आणि बाकी सगळं ठीक असेल, तर तो आजार नाही. ज्यांना ‘सिस्ट’ म्हणतात त्या खरं तर पूर्ण न वाढलेल्या बीजपुटिका असतात, गाठी नव्हेत. पहिली पाळी येऊन आठ वर्षं व्हायच्या आत तर या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊच नये, असं सध्याचं मार्गदर्शन आहे, कारण त्या वयात अंडाशयं तशीच दिसतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात तसा कागद देऊन तिला आयुष्यभराची धास्ती लावलेली मी पाहिली आहे.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटल्यानेही फरक पडतो. सडपातळ स्त्रियांनाही पीसीओएस असतो, त्यांना ‘वजन कमी करा’ सांगून भागत नाही. मूल नको असेल तरी दोन गोष्टी टाळू नका. एक, साखरेची तपासणी. दुसरी, तीन महिने पाळी आलीच नाही तर दाखवणं. अस्तर साठत राहिलं तर काही वर्षांनी त्यात घातक बदल होऊ शकतात. औषध देऊन ते वेळोवेळी पाडावं लागतं.

पायरी ५: पांढरं जाणं

थोडं पांढरं किंवा पारदर्शक जाणं हे निरोगी योनीचं कामच आहे. चक्राच्या मधल्या दिवसांत ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरणारं होतं. योनीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू तिथली आम्लता साधारण ३.८ ते ४.५ पीएच ठेवतात आणि तीच संरक्षण करते. म्हणून आत पाणी मारणं, साबण, सुगंधी वॉश, सगळं बंद. बाहेरून साधं पाणी पुरतं.

बिघाड ओळखताना वही पुन्हा कामी येते: रंग, वास, खाज, कधी वाढतं. दह्यासारखं घट्ट, प्रचंड खाज, वास जवळजवळ नाही, तर बहुधा बुरशी. पातळ, करडं, माशासारखा वास आणि संबंधांनंतर तो वाढणं, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडणं. पिवळट-हिरवं, फेसाळ, जळजळ, तर ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधांतून पसरणाऱ्या परजीवीचा संसर्ग. बुरशीचं औषध बाकी दोघांपेक्षा वेगळं. बुरशीची गोळी दुसऱ्यात काडीची उपयोगी नाही आणि गरोदरपणात तर ती पोटातून घेऊ नये. ट्रायकोमोनासमध्ये जोडीदाराचेही उपचार व्हायला हवेत, नाहीतर तो पुन्हा फिरून येतो. मागच्या वेळचं उरलेलं क्रीम लावून आलात तर तपासणीत काहीच नीट दिसत नाही. तसं लावलं असेल तर निदान सांगा. बुरशी वर्षात तीन-चारदा झाली तर साखर तपासा. संबंधांनंतर रक्त दिसत असेल तर तो पांढऱ्या जाण्याचा विषय राहत नाही. गर्भाशयमुखाची तपासणी लवकर करून घ्या.

पायरी ६: सोनोग्राफीचा कागद वाचताना

फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख लिहा. ती नसेल तर अस्तराच्या जाडीचा आकडा लटकता राहतो. पाळीनंतर लगेच पातळ असलेलं अस्तर पाळीआधी आपोआप जाड होतं.

‘सिंपल सिस्ट, ३ सेंमी’ वाचून झोप उडवू नका. दर महिन्याला बीज सुटण्याआधी बीजपुटिका दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढतेच, कधी न फुटता थोडी जास्त वाढते. पाळी चालू असलेल्या स्त्रीत पाच सेंटिमीटरपर्यंतची साधी, पाणी भरलेली सिस्ट बहुतेक वेळा काही चक्रांत आपोआप विरते. आत घट्ट भाग असेल, पडदे असतील किंवा पाळी गेलेली असेल, तर गोष्ट वेगळी.

फायब्रॉइडमध्ये (पिशवीच्या स्नायूंची साधी गाठ) आकारापेक्षा जागा महत्त्वाची. अस्तरात डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठ रक्ताचा सडा घालू शकते आणि बाहेरच्या बाजूची पाच सेंटिमीटरची गाठ वर्षानुवर्षं गप्प बसते. त्रास देत नसेल, तर केवळ दिसली म्हणून ती काढायची नसते. ‘बल्की युटेरस’ म्हणजे पिशवी थोडी मोठी दिसली, इतकंच. तो आजार नव्हे, वर्णन आहे.

पायरी ७: तपासणीच्या खोलीत

लघवी करून या, पण पोटावरून सोनोग्राफी असेल तर उलट, मूत्राशय भरलेलं हवं. आधी कधी संबंध आले नसतील तर ते सुरुवातीलाच सांगा, आतून तपासणी आणि आतून सोनोग्राफी टाळतात. सोबत महिला मदतनीस हवी, असं म्हणू शकता. दुखलं तर ‘थांबा’ म्हणू शकता. सोबत आलेल्यांना दोन मिनिटं बाहेर बसवा. मी स्वतः ते करतेच, कारण नवरा किंवा आई शेजारी असली की गर्भपात, जुना संसर्ग, घरातली मारहाण यांतलं काहीही कागदावर येत नाही.

निघण्यापूर्वी वहीत तीन उत्तरं लिहून घ्या: तुम्हाला काय वाटतंय? या औषधाने फरक किती दिवसांत दिसायला हवा? नाही दिसला तर पुढे काय?

पायरी ८: काहीही होत नसताना

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. त्यातले १६ आणि १८ हे प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. हा संबंध उलगडणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. लस ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी. जागतिक आरोग्य संघटना ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते. एचआयव्ही असेल तर २५ व्या वर्षापासून आणि अधिक वेळा. लस घेतली तरी चाचणी चुकवायची नाही. चाचणीआधी दोन दिवस संबंध आणि योनीत ठेवायची औषधं टाळा, पाळीचे दिवसही टाळा.

मूल हवं असेल तर प्रयत्न सुरू करण्याच्या निदान महिनाभर आधी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. ३५ च्या आत असाल तर एक वर्ष, पुढे असाल तर सहा महिने प्रयत्न करून दाखवा, आणि वीर्यतपासणी अगदी सुरुवातीलाच होऊ द्या. बाईच्या नळ्या तपासून झाल्यावर, तिला दोन-तीनदा टोचून झाल्यावर नवऱ्याची साधी तपासणी आठवते, याचा मला आजही राग येतो.

खोकताना लघवी होणं किंवा अंग बाहेर येणं यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम तीन महिने रोज, नीट शिकून केले तर खरंच फरक पडतो. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंगही मिळते.

पन्नाशीनंतर पोट सतत फुगलेलं वाटणं, दोन घासांत पोट भरणं, वारंवार लघवी लागणं हे महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा होत असेल, तर फक्त पित्ताच्या गोळ्यांवर थांबू नका, अंडाशय तपासून घ्या. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. त्यानंतर पडलेला एकही डाग ‘पाळी परत आली’ या खात्यात जमा करायचा नाही. बहुतेकदा कारण साधं निघतं, अस्तराचा कोरडेपणा किंवा पॉलिप, पण कर्करोगाची पहिली खूणही हीच असते. म्हणून सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी.

मागे एक आजी आल्या होत्या. पिशवीतून भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. अख्ख्या महिन्यात फक्त एका तारखेभोवती पेनाने गोल. "एकच डाग होता, तोही करंगळीच्या नखाएवढा. एवढ्यासाठी यावं का, असं वाटत होतं." सोनोग्राफीत अस्तर ९ मिलिमीटर निघालं, या वयात रक्त दिसल्यावर ४ च्या पुढे गेलं तरी तपासतात. बायोप्सी झाली, पॉलिप निघाला, काढला. पान मी फाइलला टाचून ठेवलं.